पेट्रोलचा कांटा

मनुष्य ज्या ज्या वस्तूंवर रोज विश्वास टाकतो, त्यांपैकीं बहुतेकांचा खरेपणा त्यानें कधींच पडताळून पाहिलेला नसतो. भिंतीवरचें घड्याळ, वाण्याचा तराजू, डॉक्टरांची तापाची नळी, पंचांगांतली तिथि, हीं जें सांगतील तें प्रमाण मानून आपण चालतों. आणि तसें न चालावें तर दिवसाचा पहिला प्रहरहि निभावणार नाहीं. या साक्षीदारांपैकीं एखादा अगदींच मुका झाला, तर आपण फारसे गडबडत नाहीं. घड्याळ बंद पडलें तर तें उतरवून ठेवतों व शेजाऱ्याला वेळ विचारतों. परंतु जो साक्षीदार मुका नाहीं, उलट अखंड बोलत आहे, आणि घडोघडीं जबानी मात्र बदलीत आहे, त्याचें काय करावें हा प्रश्न अवघड आहे. आमच्या जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या कांट्यानें तो आमच्यापुढें आणून ठेवला; आणि पैठण मुक्कामीं तो सोडवितां सोडवितां जें सुचलें, तें वाचकांस सादर करीत आहों.

मोटार किती जुनी आहे हें सांगण्याचें कारण नाहीं. तिच्या बरोबरीच्या बहुतेक मोटारी आज भंगाराच्या बाजारांत विसांवल्या आहेत, एवढें म्हटलें म्हणजे पुरे. इंजिन मात्र ठणठणीत आहे, आणि छत्रपति संभाजीनगर ते पैठण हा पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा रस्ता ती आठवड्यांतून एकदां तरी विनातक्रार कापते. तक्रार काय ती समोरच्या फळीवरील त्या कांट्याची. नक्षत्रवाडी सोडतांना टाकी अर्धी असल्याचें तो सांगे, चितेगांवला पाव, बिडकीनला एकदम पाऊण, आणि ढोरकीन मागें टाकून पैठणच्या वेशींत शिरावें तों शून्याला शिवून पुन्हां अर्ध्यावर येई. त्याचें म्हणणें खरें धरलें असतें, तर चितेगांव ते बिडकीन या टप्प्यांत आम्ही पेट्रोल खर्चीत नसून कमावीत होतों!

स्नेह्यांनीं सल्ले दिले. एक म्हणाले, टाकी नेहमीं भरलेली ठेवा, म्हणजे कांट्याकडे पाहण्याचें कारणच उरणार नाहीं. दुसऱ्यांनीं सांगितलें, कांट्यावर कागद चिकटवा आणि किलोमीटरांचा हिशेब ठेवा. तिसऱ्यांनीं अर्थातच मोटार विकण्याची शिफारस केली. या तिन्ही सल्ल्यांचें सार एकच होतें: जबानी फिरते ना, मग साक्षीदाराला बाहेर काढा. ती कां फिरते, हें विचारण्याची गरज एकालाहि वाटली नाहीं. तथापि दुसरा सल्ला, त्यांतला कागद वगळून, आम्हीं उचलला; कारण ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याहून वेगळें असें एखादें माप हातीं असल्याशिवाय परीक्षा होतच नाहीं. टाकी कांठोकांठ भरून घ्यावी, किलोमीटरांचा आंकडा वहींत टिपावा, पुढच्या खेपेस पुन्हां भरतांना किती लिटर मावलें तें लिहावें, आणि भागाकार करावा. तीनचार खेपांत मोटारीची भूक कळते. मग कांटा कांहीं म्हणो, टाकींत निदान किती असलेंच पाहिजे हें सांगणारा दुसरा साक्षीदार खिशांत असतो.

मोटारींच्या बालपणीं असला कांटा नव्हताच. हेन्री फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ सालीं निघाली. तिची टाकी पुष्कळ वर्षें पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें तर बसणाऱ्यांस उठवून, गादी उचलून, आंत खुणांची काठी बुडवावी लागे. काठी जेथवर ओली झाली तेथवर पेट्रोल. मध्यें कोणी दलाल नाहीं. आपल्या इकडच्या बजाज चेतकवाल्यांनाहि या प्रत्यक्ष प्रमाणाची संवय होती. १९७२ सालीं निघालेल्या त्या स्कूटरच्या जुन्या नमुन्यांवर कांटा नसे. गाडी आचके देऊं लागली कीं बैठकीखालची चावी ‘रिझर्व्ह’वर फिरवावयाची, आणि तेंहि संपलें कीं स्कूटर एका अंगावर लववून टाकीच्या कोपऱ्यांतला शेवटचा घोट इंजिनाला पाजावयाचा, हा विधि महाराष्ट्रांतील एका सबंध पिढीला तोंडपाठ आहे.

मोटारीच्या कांट्याची गोष्ट वेगळी. तो पेट्रोल पाहत नाहीं, पेट्रोलाविषयीं ऐकतो. टाकीच्या आंत एक पोकळ गोळा, ज्याला कारागीर फ्लोट म्हणतात, एका दांडीच्या टोंकाला तरंगत असतो. पेट्रोल चढलें कीं तो चढतो, उतरलें कीं उतरतो. दांडीच्या दुसऱ्या टोंकाला धातूची एक लहानशी जीभ असते, आणि ती बारीक तारेच्या वेटोळ्यावर मागेंपुढें घासते. जीभ जेथें टेकेल त्या मानानें विजेच्या वाटेंतला अडथळा कमीजास्त होतो. या सबंध यंत्राला सेंडर म्हणतात. तेथून निघालेली तार मोटारीच्या पोटाखालून पुढें येते आणि फळीमागच्या मीटरला जाऊन मिळते. वाटेंत अडथळा जितका, तितका कांटा कलतो. पण विजेला नुसतें येऊन भागत नाहीं, परतहि जावें लागतें. ही परतीची वाट सेंडरच्या चकतींतून, टाकीच्या पत्र्यांतून, मोटारीच्या सांगाड्यांतून बॅटरीकडे जाते. तिलाच ‘अर्थ’ म्हणतात. म्हणजे पेट्रोलाची वार्ता आपल्या डोळ्यांपर्यंत येते ती गोळा, दांडी, जीभ, वेटोळें, तार, मीटर आणि परतीची वाट अशा सात हातांतून. सातांपैकीं एकाचा हात कांपला तरी कांपतांना दिसतो तो कांटाच, आणि शिव्या खातो तोहि कांटाच.

म्हणून कांटा हालतो एवढ्यानें रोग कळत नाहीं. कसा हालतो हें पाहावें लागतें. वळणावर, चढणीवर किंवा ब्रेक दाबतांना तो संथपणें झुलत असेल आणि सपाटीवर पुन्हां जागीं येत असेल, तर तो दोषच नव्हे. आंत पेट्रोल हिंदकळत आहे आणि कांटा खरें तेंच सांगत आहे. खड्ड्याखड्ड्याला तो थरथरत असेल, तर कोठें तरी सांधा ढिला आहे. मोठे दिवे लावतांच तो दचकत असेल, किंवा वळण दाखविणारा दिवा ज्या तालावर लुकलुकतो त्याच तालावर डोलत असेल, तर परतीची वाट गंजली आहे असा संशय घ्यावा. पुष्कळ जुन्या मोटारींत पेट्रोलचा आणि उष्णतेचा असे दोन्ही कांटे एकाच दाबनियंत्रकावर चालतात; ते दोघे जोडीनें नाचूं लागले, तर दोष टाकींत नसून त्या नियंत्रकांत असण्याचा संभव अधिक. टाकी भरली तरी कांटा तळ सोडीत नसेल, तर गोळ्याला भोंक पडून तो बुडाला असेल. आणि तो एखाद्या ठराविक जागींच उडी मारीत असेल, तर जिभेखालचें वेटोळें नेमकें त्या जागीं झिजलें आहे. वहींत आम्हीं पंधरा दिवस केवळ एवढेंच टिपलें, आणि आमच्या कांट्याचा स्वभाव स्पष्ट झाला: तो खड्ड्याला थरथरे, दिव्याला दचके, आणि अर्ध्याच्या आसपास येतांच गोंधळून जाई. रोग एक नव्हता, दोन होते. आणि ते एकमेकांच्या आड लपले होते.

ही वही घेऊन आम्ही पैठणांतल्या एका मिस्त्रीकडे गेलों. आम्ही मीटर उघडण्याची गोष्ट काढतांच तो म्हणाला, “काका, मीटरला हात नका लावूं. त्याला जे सांगितलं ते बोलतंय बिचारं. आधी मागं बघूं, कोण काय सांगतंय ते.” पैठण हें ज्ञानेश्वरांनीं रेड्यामुखीं वेद वदविल्याचें गांव. तेथें एका लोखंडी कांट्याच्या तोंडून चार खरे शब्द काढणें अवघड नसावें. पण चमत्काराचा मार्ग आम्हांस मोकळा नसल्यामुळें पॉलिश पेपर आणि हातभर तार यांवर भागवावें लागलें.

मिस्त्रीची रीत अशी. मोटार उघड्या अंगणांत घेतली, आसपास विडी-काडी नको अशी ताकीद दिली, टाकी बंदच ठेवली. इंजिन न चालवितां नुसती किल्ली फिरविली आणि सेंडरवरची तार सोडविली. कांटा एका टोंकाला गेला. मग तीच तार टाकीपासून दूर ओढून सांगाड्याच्या उघड्या धातूला क्षणभर टेकविली. कांटा सावकाश चालत दुसऱ्या टोंकाला गेला. कोणत्या वेळीं तो भरलेल्या बाजूस जावयाचा आणि कोणत्या वेळीं रिकाम्या, हें मोटारीच्या घडणीवर अवलंबून असतें. पाहावयाचें तें एवढेंच, कीं तो या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न अडखळतां जातो कीं नाहीं. आमचा गेला. एवढ्या एका मिनिटाच्या परीक्षेनें मीटर निर्दोष ठरला आणि पुढून मागें येणारी लांब तारहि. नंतर त्यानें सोडविलेली तार पूर्ववत् जोडली, सेंडरची चकती व सांगाड्याचा एक कोपरा पॉलिश पेपरनें चकचकीत केला, आणि दोहोंमध्यें एक जादा तार बांधून दिली. “आतां धरणापर्यंत जाऊन या,” तो म्हणाला. आम्ही गेलों. खड्डे तेच होते, पण थरथर गेली होती. दिवे लावले, कांटा दचकला नाहीं. परतीची वाट गंजली होती हें सिद्ध झालें.

राहिली ती अर्ध्यावरची उडी. तिच्यासाठीं मात्र टाकी उघडणें भाग होतें. बॅटरीची तार आधीं सोडविली, पेट्रोल पातळी खालीं जाईपर्यंत काढून घेतलें, सेंडर बाहेर आला. मिस्त्रीनें मल्टीमीटर लावून दांडी तसूतसूनें उचलली. आंकडे पायरीपायरीनें बदलत गेले, मध्यावर एकदम नाहींसे झाले, आणि पुढें पुन्हां उमटले. भिंगाखालीं पाहतां वेटोळ्याच्या मध्यभागीं जिभेनें चर पाडलेला दिसला. नेमका मध्यावरच कां? टाकी कांठोकांठ भरणारा विरळा, आणि ती तळाला जाऊं देणाराहि विरळा. जीभ आयुष्यभर मध्याच्या आसपासच घासली. घाटाच्या ज्या पायरीवर सारा गांव उतरतो तीच पायरी आधीं गुळगुळीत होते. मिस्त्रीनें जीभ स्वच्छ करून किंचित् बाजूला वांकविली, म्हणजे ती चराशेजारच्या न झिजलेल्या तारेवरून चालावी. नवा सेंडर मिळाला तर तो बसवावा हें उत्तम, पण तूर्त एवढ्यानें काम झालें.

येथें एक गोष्ट आमच्या मनांत आली. कांट्याचें हालणें बंद करण्याचा याहून सोपा उपाय मिस्त्रीला सहज सुचण्यासारखा होता. पुढच्या काळांतील मीटरांत कांट्याच्या धुरेभोंवतीं दाट तेल घालतात, आणि हल्लींच्या मोटारींत तर गणकयंत्र क्षणाक्षणाच्या जबान्यांची सरासरी काढून तेवढीच आपल्याला दाखवितें. यांत वाईट कांहीं नाहीं. पाण्याची पातळी मोजणारे लोकहि नदीकांठीं बारीक छिद्रानें जोडलेली एक वेगळी विहीर करतात, म्हणजे लाटा बाहेर राहतात आणि पातळी तेवढी आंत येते. लाट गाळावी हें योग्यच. परंतु आमच्या कांट्याची थरथर लाटेची नव्हती, गंजाची होती. तिच्यावर दाट तेल ओतलें असतें तर कांटा निश्चल झाला असता, आम्हीहि निश्चिंत झालों असतों, आणि गंज आंत वाढत राहिला असता. हालता कांटा निदान संशय तरी उत्पन्न करतो. चुकीच्या जागीं स्थिर झालेला कांटा माणसाला बेसावध गांठतो. स्थिरता हा सत्याचा पुरावा नव्हे, हें आम्हांस या निमित्तानें पुन्हां पटलें.

मोटार घेऊन आम्ही धरणापर्यंत गेलों असें वर सांगितलेंच आहे. तेथें नाथसागर समोर पसरला होता, आणि टाकीचा विचार डोक्यांत असल्यामुळें तीहि आम्हांस एक टाकीच दिसली. जायकवाडीच्या या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांनीं बसविली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, पूर्ण भरल्याची खूण समुद्रसपाटीपासून १,५२२ फुटांवर, आणि पोटांत सुमारें १०२ टीएमसी पाणी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. या टाकीलाहि कांटा आहे, आणि पावसाळ्यांत सबंध मराठवाडा रोज सकाळीं वर्तमानपत्र उघडून प्रथम तो पाहतो.

हा कांटा थरथरत नाहीं. फुटांची पट्टी स्थिर असते, तिचें वाचन होतें, कोष्टकावरून टक्के निघतात. तरीहि तो काय सांगतो हें समजण्यास विचार लागतो. वर्तमानपत्रांतले टक्के सगळ्या पाण्याचे नसतात. ते उपयुक्त साठ्याचे, म्हणजे सुमारें साडेशहात्तर टीएमसीचे असतात. त्याखालीं २६ टीएमसी मृतसाठा म्हणून वेगळा धरलेला आहे. म्हणून ‘शून्य टक्के’ छापून येतें त्या दिवशीं धरण कोरडें नसतें. तें चेतकच्या भाषेंत ‘रिझर्व्ह’वर आलेलें असतें. २०१३ व २०१६ सालच्या दुष्काळांत संभाजीनगराची तहान याच मृतसाठ्यावर भागली. शिवाय हें भांडें उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरलें म्हणजे सुमारें ३५० चौरस किलोमीटर. त्यामुळें सर्वांत वरच्या एका फुटांत साडेतीन टीएमसीहून अधिक पाणी बसतें, आणि खालच्या फुटांत त्याहून पुष्कळच कमी. मोटारीच्या आडव्यातिडव्या टाकींतहि असेंच घडतें: कांटा वरच्या अर्ध्यांत रेंगाळतो आणि खालच्या अर्ध्यांत धांवत सुटतो, आणि मालक म्हणतो पेट्रोल चोरीस गेलें. धरणाला आणखी एक दुखणें आहे जें मोटारीला नाहीं: गोदावरी नुसतें पाणी आणीत नाहीं, गाळहि आणते. तळ वर आला तरी पट्टीवरचा फूट फूटच राहतो. खूण तीच, पातळी तीच, पण तिच्याखालचें पाणी घटलेलें. तेवढ्यासाठींच धरणाच्या पोटाचीं मापें वेळोवेळीं नव्यानें घ्यावीं लागतात. येथें कांट्यांत दोष नाहीं, तारेंत नाहीं. टाकीच बदलली आहे.

आणि या कांट्यावर अवलंबून काय आहे? आमच्या कांट्यानें फसविलें तर फार तर ढोरकीनजवळ बाटली घेऊन पायीं चालावें लागेल. नाथसागराच्या कांट्याची गोष्ट तशी नाहीं. १५ ऑक्टोबरला त्याचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें, असा दंडक महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें २०१४ सालच्या निर्णयानें घालून दिला. त्यावरून न्यायालयांत वाद झाले, रस्त्यांवर मोर्चे निघाले. एक टक्का म्हणजे २,१७० कोटि लिटर. तेवढें पाणी कोणाच्या उंसाला मिळावें आणि कोणाच्या नळाला, हें आंकड्याच्या एका घरावरून ठरूं शकतें. अशा वेळीं वरचे म्हणतात खालचा कांटा खोटा आहे, आणि खालचे म्हणतात वरचे कांटे खोटे आहेत. आणि दोघांचेहि पुढारी आपापल्या लोकांना आमच्या स्नेह्यांचाच सल्ला देतात, कीं कांट्याकडे पाहूंच नका. जेथें इतकें पाणी, इतकीं शेतें आणि इतका राग एका पट्टीवर टांगलेला असतो, तेथें तार कोठें सुटली आहे हें शांतपणें मागें जाऊन पाहणाऱ्या मिस्त्रीची गरज किती मोठी असते, हें वेगळें सांगावयास नको.

याच पैठणांत एक असेंहि भांडें आहे, कीं ज्याला कांटा नाहीं, पट्टी नाहीं आणि टक्केहि नाहींत. नाथांच्या वाड्यांत श्रीखंड्याच्या रूपानें देवानें बारा वर्षें कावडीनें पाणी वाहिलें अशी श्रद्धा आहे. तेथला रांजण नाथषष्ठीच्या सुमारास भाविक लोक पाणी ओतून भरूं लागतात. कितीहि ओतलें तरी तो भरत नाहीं. गर्दींतून देव स्वतः येऊन आपली घागर रिती करील तेव्हांच तो उतूं जाईल, आणि उतूं गेला म्हणजे देव आला असें समजावें. या रांजणाला एकच खूण आहे, ती कांठाची. अर्धा भरला कीं पाऊण, हा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं. कारण तेथें ओतणारा हिशेबासाठीं ओतीत नाहीं. ज्याला तें पाणी उद्यां वांटून द्यावयाचें आहे त्याला मात्र ही मोकळीक नाहीं. श्रद्धेचा रांजण आणि वांटणीचें धरण एकाच गांवांत आहेत. एकाचा नियम दुसऱ्याला लावूं नये, एवढें तारतम्य गांवकऱ्यांस आहे, आणि तें सर्वांस असावें.

आमचा कांटा आतां पुष्कळ सुधारला आहे. वळणावर तो अजून झुलतो, आणि त्याला झुलूं द्यावें असें आम्हीं ठरविलें आहे; आंत खरोखरच कांहीं हालत असतां त्यानें निश्चल राहावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. वहीहि चालू आहे. कांटा आणि वही यांचें सहसा जमतें. ज्या दिवशीं जमत नाहीं त्या दिवशीं आम्ही दोहोंपैकीं कोणाचाच पक्ष न घेतां मोटार सावलींत उभी करतों, आणि टाकीमागच्या त्या जादा तारेला हात लावून ती घट्ट आहे ना हें पाहतों.